वैशाखऱ्याच्या वाटेवर साडूचे नवे टायर

कल्याणात राहणाऱ्या माणसाच्या कानांवर शहापूर आणि मुरबाड ही नावं रोज पडतात. भाताच्या, कोळशाच्या, लाकडाच्या गाड्या तिकडूनच येतात. पण तिकडं मुद्दाम कुणी जात नाही. मीही गेलो तो माल पोचवायला. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मोजून मिळत होतं आणि नवा टायर तर बघायलाही मिळत नव्हता. तरी माघात, पळस फुलायच्या सुमाराला, मी आणि माझे साडू वसंतराव अशा दोघांनी आपापल्या मोटारी घेऊन आटगावापासून वैशाखऱ्यापर्यंत प्रवास केला. त्या मुलखात जे पाहिलं आणि जे घडलं, ते न गेलेल्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

आटगाव

आधी आमच्या वाहनांबद्दल सांगायला हवं. दोघांच्याही मोटारी जुन्या होत्या. मागची बैठक कापून तिथं हत्यारं, पंप आणि जॅक ठेवायला पेटी बसवलेली होती. मोटारीच्या मागं लोखंडी दांडीनं दोन चाकांची एक उघडी गाडी जोडलेली. आम्ही तिला ट्रेलर म्हणायचो, खेड्यातली माणसं शेपूट म्हणायची. "शेपटाची मोटार आली" असं म्हणत पोरं मागं धावायची. दोन्ही ट्रेलर एकाच लोहारानं बांधलेले होते. फरक फक्त चाकांत. माझी चाकं एका जातीच्या मोटारीची, वसंतरावांची दुसऱ्या जातीची.

आणि त्या दिवशी वसंतरावांच्या ट्रेलरला नवे टायर होते.

स्टेशनाच्या बाहेर चिंचेखाली त्यांची मोटार उभी होती. मी माझी शेजारी लावली, खाली उतरलो आणि ते टायर दिसले. काळेभोर, करकरीत, नक्षी बोटात रुतेल इतकी खोल. माझे टायर टकल्याच्या डोक्यासारखे गुळगुळीत झालेले. एकाला आतून चामड्याचं ठिगळ होतं. टायर मिळावा म्हणून मी किती दारं पुजली होती, ते माझं मला ठाऊक.

"कुठून मिळवले?" मी विचारलं.

"मिळाले आपले," वसंतराव हसले. "मुंबईत एकानं दिले. तुमच्यासाठी सांगून ठेवू का, दामुअण्णा?"

मी "नको" म्हटलं. का म्हटलं, ते मलाही कळलं नाही.

वसंतराव माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. वयानं माझ्याहून लहान, उंच, आवाज मोकळा. सासुरवाडीला आम्ही दोघं एकाच वेळी गेलो, की माझ्या ताटात वाढता वाढता सासूबाई त्यांच्याशी बोलत असत. मोटारीचा धंदा मी आधी सुरू केला. ट्रेलरची कल्पना माझी. माझं बघून त्यांनी केला, आणि वर्षाच्या आत गिऱ्हाइकं आधी त्यांना विचारू लागली.

आटगावाहून माहुलीचा किल्ला फार जवळ दिसतो. सुळके एकमेकांना टेकून उभे. कल्याणला आम्हाला डोंगर म्हणजे क्षितिजावरची निळी रेघ. इथं तो अंगावर येतो. मी त्याच्याकडं बघत होतो असं वसंतरावांना वाटलं असेल. मी टायरकडं बघत होतो.

शहापूर

माल होता धर्माजी पाटलांचा. वैशाखऱ्याला त्यांना भात सडायची गिरणी घालायची होती. मालगाडीतून तेलाचं इंजिन, त्याची दोन जड चाकं, सडायचं यंत्र आणि तेलाचे डबे उतरले होते. शिवाय छपराचे लोखंडी पत्रे शहापुरातून घ्यायचे होते. धर्माजी स्वतः हजर होते. अंगात जाड बंडी, खांद्यावर उपरणं, बोलणं मोठ्यानं.

ट्रेलर भरताना मी नेहमी एक गोष्ट करतो. जड वस्तू चाकांच्या आसावर येईल अशी ठेवतो, किंचित पुढं. मागं वजन गेलं तर बैलगाडी उलार होऊन जू वर उचललं जातं, तसंच इथं दांडी मोटारीला वर ओढते आणि ट्रेलर साप चालावा तसा वळवळतो. आणि टायर किती दबतो ते बघतो. बगल, म्हणजे टायरची बाजू, फुगून जमिनीकडं टेकायला लागली, की थांबायचं. मग गिऱ्हाईक काही म्हणो.

इंजिन आटगावालाच वसंतरावांच्या ट्रेलरमध्ये चढलं होतं. शहापुरात पत्रे घेताना मी म्हटलं, "बास. पत्रे माझ्याकडं टाका. यंत्र आणि डबे धरूनही माझ्याकडं अजून जागा आहे."

"तुमच्या टायरवर?" धर्माजींनी माझ्या चाकाला पायानं ढोसलं. "हे आज्याच्या काळातले टायर हायत. पत्रे यांच्याकडंच टाका रे. नवा माल तो नवा माल."

"वजन फार होतंय," मी वसंतरावांना म्हटलं. "नवे असले म्हणून काय झालं? टायरलाही किती उचलायचं ते ठरलेलं असतं."

"जाऊ द्या हो अण्णा. आपलीच माणसं आहेत, नाही कशाला म्हणायचं?"

पत्रे चढले. टायरच्या बगला फुगल्या. आणि धर्माजींनी वसंतरावांच्या पाठीवर थाप मारली.

शहापुरात आम्ही चहा घेतला. तिथं चहात गवती चहाची पात घालतात, दूध नावाला. कल्याणला असा चहा कुणी दिला, तर पाहुणा रागावेल. पण भूक लागलेली असताना त्याच्याबरोबर मिळालेली गरम तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मी अजून विसरलेलो नाही. वाढणारी बाई वसंतरावांना म्हणाली, "तुमी लय चांगलं बोलताव. अजून एक घ्या." मला तिनं विचारलंच नाही. मी मागून घेतली.

किन्हवलीच्या अलीकडं

शहापूर सोडलं की रस्ता लाल होतो. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मधून भाताच्या कापलेल्या खाचरांचे तुकडे, त्यात वालाची रोपं. पळस फुललेला. एखाद्या टेकडीवर पानं नसलेली सावर, फांदीफांदीवर लाल फुलं घेऊन उभी. आमच्याकडं झाडाला फुलं येतात ती पानांत लपून, इथं झाडं आधी सगळी पानं टाकून देतात.

वसंतराव पुढं होते. त्यांची धूळ मी खात होतो. दर चढावर मला वाटायचं, आता आवाज येईल. इतकं वजन, त्यात दगड. मी कान देऊन होतो. आवाज आला, पण माझ्याच मागून. बाभळीचा काटा. माझी ट्यूब हळूहळू फुसफुसत बसली.

मी एकटा उन्हात चाक काढत बसलो. ट्यूबला ठिगळ लावून ते सुकायची वाट बघत होतो, तेव्हा रस्त्याच्या वळणावरून वसंतराव चालत आले. मोटार पुढं झाडाखाली उभी करून, माघारी, पायी. हातात पाण्याचा तांब्या आणि पानात गुंडाळलेली भाकरी.

"मागं धूळ दिसेना, तेव्हाच समजलो," ते म्हणाले आणि कोट काढून पंप मारायला लागले.

माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं. शत्रूचा राग धरता येतो. जो आपल्या चाकात हवा भरतोय, त्याचं काय करायचं? भाकरी मी खाल्ली. भाकरीवर कुळथाचं पिठलं होतं आणि त्यावर कुणीतरी तेलाची धार सोडली होती. तीही त्यांना वाटेतल्या एका घरातून अशीच मिळाली होती.

वैशाखरे

सरळगाव, टोकावडे मागं टाकून आम्ही वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. इथं सह्याद्री भिंतीसारखा समोर उभा राहतो. नाणेघाटावरचा अंगठ्यासारखा सुळका सोन्यासारखा चमकत होता. घाटावरून डोक्यावर ओझं घेऊन उतरणारी माणसं त्या भिंतीवर मुंग्यांसारखी दिसतात, आणि अजून आपण इतकी चाकं करूनही त्या वाटेला पायच लागतात, याचं मला नवल वाटलं.

गावानं इंजिन उतरवून घेतलं. मग धर्माजींच्या घरातल्या बायका आरती घेऊन आल्या. वसंतरावांच्या मोटारीला ओवाळलं, ट्रेलरच्या नव्या टायरना हळदकुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला. माझ्या ट्रेलरजवळ एक कुत्रं बसलं होतं. त्याला कुणी उठवलं नाही.

रात्रीचं जेवण मात्र दोघांना सारखं मिळालं. खेकड्यांचं कालवण, नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं. कल्याणला आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात, इथं पातेलंच पुढ्यात ठेवतात, लाजायचं नाही.

दोन दिवसांनी धर्माजींच्या पुतणीचं, काशीचं, लग्न होतं. नवरदेवाचं घर टोकावड्याला. धर्माजी म्हणाले, "आमच्या पोरी आजवर गाडीतनं नायतर पायी गेल्या. ही मोटारीतून जाईल. टोकावड्याच्या लोकांना बघू दे."

ठरलं असं, की नवरी आणि बायका वसंतरावांच्या ट्रेलरमध्ये बसतील. माझ्या ट्रेलरमध्ये तांब्यापितळेची भांडी आणि वाजंत्र्यांचे ढोल.

भांडी वाहून नेण्यात काही कमीपणा नाही, असं स्वतःला सांगितलं.

लग्नाच्या सकाळी मी लवकर उठलो. वसंतराव विहिरीवर होते. अंगणात ट्रेलर सजवून ठेवलेला. आंब्याचे टहाळे, झेंडूच्या माळा, बसायला पेंढा आणि त्यावर घोंगड्या. मी त्या टायरपाशी उकिडवा बसलो. आटगावापासून मी त्या टायरांकडं नुसतं लांबून बघत आलो होतो. आता कुणी नव्हतं, म्हणून हात फिरवला. नक्षीवरून, कुंकवावरून, बाहेरच्या बगलेवरून, आणि मग तसाच हात मागं, आसाकडच्या आतल्या बगलेवर.

तिथं लिंबाएवढा फुगवटा होता.

मी खाली वाकून पाहिलं. बगलेवरचा काळेपणा रंगाचा होता. फुगवट्याजवळ रंग तडकला होता आणि फटीतून जुनं करडं कापड दिसत होतं. टायर नवा नव्हताच. जुन्या, झिजलेल्या टायरवर वरून नवं रबर चढवलेलं. नक्षी नवी, आतलं धड कुजलेलं. इतकं ओझं घेऊन इंजिन आणलं, त्यात ते उरलंसुरलं फाटलं होतं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही, कारण तेवढ्यात बायका घोंगड्या झटकायला आल्या.

वसंतराव आले तसं मी त्यांना बाजूला घेऊन दाखवलं. त्यांनी फुगवटा अंगठ्यानं दाबला.

"थोडी सूज आहे," ते म्हणाले. "टोकावड्यापर्यंत जाईल."

"नाल्याच्या उतारावर नाही जायचा. माणसं बसवू नका."

"मग काय करू? जादा चाक नाही माझ्याकडं. तुमचं बसत नाही."

"सांगा धर्माजींना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हसू नव्हतं. "दामुअण्णा, एक विचारू? आटगावापासून तुम्ही या टायरवर डोळा ठेवून आहात. मला दिसत नाही का? आज फुगवटा दिसला, तो टायरवर आहे, की तुमच्या मनात?"

दोन्हीकडं होता. ते म्हणत होते ते खोटं नव्हतं, आणि टायरही फाटलेलाच होता. मी एवढंच म्हटलं, "मनातला असू दे. पण हातानं बघा."

ते मोटारीकडं निघून गेले. मग मीच धर्माजींकडं गेलो आणि चारचौघांत सांगितलं. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण चांगुणाबाई तिथंच उभी होती. तिनं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

"शुभ येळंला असा बोलतंस?" ती म्हणाली. "तुजा पोट दुखतंय काय रे त्याच्या गाडीला बघून?"

"दुखतंय," मी म्हटलं. "पण पोरींना त्यात बसवू नका."

धर्माजी भडकले. "गावभर सांगितलाय मोटारीतून जाणार. आता पायी नेऊ, का तुमच्या त्या टकल्या टायरवर? तुमी तुमची भांडी घ्या नि मागून या."

बायका चढल्या. काशीला मधोमध बसवलं. चढता येतील तेवढ्या चढल्या, वर पोरं. टायर जमिनीला टेकायला आला. ढोल वाजले. मी भांड्यांचा ट्रेलर घेऊन मागून निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत मी भोंगा वाजवत होतो. सगळ्यांना वाटलं मी आनंदानं वाजवतोय.

नाला

वैशाखऱ्याकडून टोकावड्याकडं जाताना एक नाला लागतो. रस्ता एकदम खाली उतरतो, वळतो, आणि डाव्या हाताला धोंड्यांनी भरलेलं पात्र. उताराच्या तोंडाशी वसंतरावांची मोटार थांबली. मी धावत पुढं गेलो.

काशी ट्रेलरच्या कडेवरून वाकून ओकत होती. बिचारी सकाळपासून उपाशी, वर पेट्रोलचा वास आणि गचके.

"मी उतरतंय," ती म्हणाली. "मना चालू द्या. नाल्यापलीकडं बसेन."

"नवरी पायी?" धर्माजी पुढच्या बैठकीवरून ओरडले.

"काका, मना मळमळतंय. साडी खराब करू काय?"

ती उतरलीच. नवरीला एकटी कशी चालू द्यायची, म्हणून करवली उतरली. मग चांगुणाबाई, मग एकेक करून सगळ्याच. पोरांना तर उड्या मारायला निमित्त हवं होतं. शेवटी धर्माजीही कुरकुरत उतरले. वसंतराव माझ्याकडं न बघता गाडी घेऊन उतारावर गेले.

वळणावर बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. झाडांतले पोपट एकदम उडाले. ट्रेलर एका अंगावर बसला, दांडीनं मोटारीला आडवं ओढलं, मोटारीची मागची चाकं कडेच्या चिखलात रुतली, आणि दांडीची खीळ तुटून ट्रेलर उलटा होत धोंड्यांवर जाऊन पडला. पेंढा सगळीकडं उडाला. झेंडूच्या माळा पात्रातल्या पाण्यावर तरंगू लागल्या.

आटगावापासून मी याच आवाजाची वाट बघत होतो. उलटलेल्या ट्रेलरखाली घोंगडी अडकली होती, आणि मला त्या घोंगडीवरून नजर हलवता येईना.

वसंतराव मोटारीतून उतरले. कपाळावर खरचटलं होतं, बाकी धड होते. मग चांगुणाबाईनं माझ्याकडं बोट केलं.

"याचीच नजर लागली! सकाळपास्नं टायरलाच बघत व्हता!"

दोनचार जणी माझ्यापासून मागं सरल्या. धर्माजीही माझ्याकडं विचित्र बघायला लागले. खरोखर मी टायरलाच बघत होतो.

वसंतरावांनी फुटलेला टायर हातानं उचकटला. आतलं कापड पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं. ते घेऊन ते वर चालत आले आणि चांगुणाबाईच्या पुढं धरलं.

"नजर नाही, मावशी. हे बघा. जुनं कुजलेलं होतं. मला फसवून नवं म्हणून दिलं, आणि मी फसलो. यांनी सकाळी मला दाखवलं होतं. मी ऐकलं नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बघत होतात म्हणून दिसलं तुम्हाला. मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं."

चांगुणाबाईनं ते कापड चुरडून बघितलं. "चांगल्या माणसाला फसवतात लोक," ती वसंतरावांना म्हणाली आणि पदरानं त्यांच्या कपाळावरचं रक्त पुसलं.

टोकावडे

भांडी आणि ढोल उतरवून मी माझा ट्रेलर मोकळा केला. सगळी वऱ्हाडी मंडळी आता त्याच्याकडं धावली. मी चाकापाशी उभा राहिलो. एकेकीला चढू दिलं, प्रत्येक वेळी टायरची बगल बघितली, आणि एका ठिकाणी हात आडवा केला.

"बास. आता कुणी नाही."

"मी नवरीचा काका हाय," धर्माजी म्हणाले.

"तुमी चाला काका," ट्रेलरमधून काशी म्हणाली. "हवा बरी हाय." ती आता हसत होती.

"अण्णा म्हणतील तेवढेच बसतील," वसंतराव म्हणाले. त्यांची मोटार नाल्यातच रुतलेली राहिली, आणि बाकीचे भांडी नि ढोल उचलून पायी निघाले.

उतार मी बैलाच्या चालीनं उतरलो. नाल्यातून, मग शेतांमधून. मागं नवरी, म्हाताऱ्या आणि लहान पोरं. टोकावड्याच्या वेशीवर वाजतगाजत माणसं सामोरी आली. नवरीला शेपटाच्या मोटारीतून उतरताना सगळ्या गावानं बघितलं. नवऱ्याच्या बापानं माझ्या हातात नारळ दिला, माझ्या गुळगुळीत टायरना कुंकू लावलं. जे मला आटगावापासून हवं होतं, ते सगळं मिळालं.

मी मांडवाबाहेर मोटारीत बसून उरलेल्यांची वाट बघत होतो. बऱ्याच वेळानं रस्त्यावर आधी गाणं ऐकू आलं. मग धूळ दिसली, मग माणसं. चांगुणाबाई पुढं धवला म्हणत होती आणि बाकीच्या मागून ओढत होत्या. वाजंत्र्यांनी ढोल गळ्यात अडकवले होते. धर्माजींच्या डोक्यावर पितळेचा हंडा होता आणि ते चक्क हसत होते. सगळ्यांच्या मधोमध वसंतराव. कपाळाला फडकं बांधलेलं, जोडे हातात, खांद्यावर कुणाचं तरी पोर. गाण्याचा शेवटचा शब्द ते चुकीचा म्हणत होते, आणि दर वेळी बायका खिदळून त्यांना सुधारत होत्या.

त्यांनी लांबून हात केला. मीही केला. माझ्याजवळ नारळ होता, गाडी शाबूत होती, ट्रेलर रिकामा होता. आणि त्या धुळीतून, त्यांच्यात, पायी चालत आलो असतो तर, असं मला इतकं वाटलं, की मी खाली उतरलो आणि त्यांना सामोरा गेलो.